'झाले' आणि 'केले' : शोकात्मिका, युद्धकादंबरी आणि अविश्वसनीय निवेदक

१

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीच्या इतिहासातील तिचे स्थान आता वादातीत आहे. युरोपातून मुंबईकडे येणारे जहाज, त्यावर नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित, मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आणि त्याच्यावर जीव जडलेली हॅर्टा, एवढाच या कादंबरीचा ऐवज आहे. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टा जहाजाबरोबर पूर्वेकडे निघून जाते आणि त्या पुढच्या प्रवासात समुद्रात उडी घेऊन जीवन संपवते. कथेतल्या काळात महायुद्ध अद्याप पेटलेले नाही, जहाजावर तोफेचा आवाज ऐकू येत नाही. तरीही ही पहिल्या प्रतीची युद्धकादंबरी आहे. कारण रणभूमीवर उतरण्याआधी युद्ध माणसामाणसांतील संबंधांत कसे शिरते, याचे इतके निर्मम दर्शन मराठीत क्वचितच घडले आहे.

या कादंबरीकडे शोकात्म प्रेमकथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात प्रश्न उपस्थित करावयाचा आहे तो या 'शोकात्म' विशेषणाविषयी. हा निर्णय मुळात कोणाचा? लेखकाचा, वाचकाचा, की कथा सांगणाऱ्या चक्रधरचा? पदव्युत्तर वर्गात 'रणांगण' शिकविताना हॅर्टाच्या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारले की येणारी उत्तरे ठरलेली असतात : हिटलर, युद्ध, परिस्थिती, नियती. चक्रधरचे नाव सहसा शेवटी येते आणि तेही संकोचाने. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु त्यांचा क्रम विद्यार्थ्यांनी स्वतः लावलेला नसतो. तो निवेदकाने लावून दिलेला असतो. प्रथमपुरुषी निवेदनाचे सामर्थ्य आणि धोका या एकाच जागी एकवटलेले आहेत.

२

ग्रीक शोकात्मिकेशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ मध्ये आले. सॉफोक्लीजचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. तथापि या परिचयातून एक ढोबळ समजही रूढ झाला. शोकात्मिका म्हणजे नियतीचा खेळ. एक थोर पुरुष, त्याच्या हातून घडलेला प्रमाद आणि मग अटळ विनाश. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे सूत्र उपयोगी पडते, पण त्यात कृती करणारा माणूस हळूहळू अदृश्य होतो आणि उरते ती केवळ नियती. प्रत्यक्ष नाटके नेमकी याच्या उलट दिशेने चालतात.

ईडिपसचेच उदाहरण घ्यावे. थीब्झमध्ये साथ पसरलेली आहे आणि पूर्वीचा राजा लायस याचा खून ही नाटकाच्या आरंभी एक होऊन गेलेली गोष्ट आहे. कोणी केला? तर लुटारूंनी, अनेकवचनी, बिनचेहऱ्याच्या लुटारूंनी. मारेकरी एक होता की अनेक, या व्याकरणाच्या वाटणाऱ्या प्रश्नावर नाटकाचा केवढा तरी ताण टांगलेला आहे. कारण अनेकवचन खरे ठरले तर ईडिपस सुटतो. चौकशी पुढे सरकते तसतसे ते अनेकवचन गळून पडते आणि अखेरीस वाक्याला एकच कर्ता उरतो. तो कर्ता म्हणजे चौकशी करणारा राजा स्वतः. डोळे फोडून घेतल्यावर ईडिपस अपोलोचे नाव घेतो हे खरे. पण डोळ्यांवर घाव घालणारा हात मात्र आपलाच होता, हेही तो त्याच श्वासात सांगतो. दैव आहे, म्हणून हात नाही असे होत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असणे, यातच शोकात्मिकेचा दाह आहे.

इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीतही हाच न्याय दिसतो. पतीला मारून क्लायटेम्नेस्ट्रा प्रेतांपाशी उभी राहते आणि हे मी केले असे नगरजनांना सांगते. पुढे मातृहत्येबद्दल ओरेस्टिसला अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभे केले जाते, तेव्हा सूडदेवतांचा पहिला प्रश्न साधा असतो : तू तिला मारलेस काय? ओरेस्टिस नाकारत नाही. वाद आहे तो कृत्य न्याय्य होते की नव्हते याचा. कृत्य कोणाचे याचा नव्हे. मते समसमान पडतात, अथीनाच्या मतामुळे तो सुटतो आणि सूडदेवतांना नगरात मानाचे स्थान देऊन 'कृपाळू देवता' केले जाते. कबुलीशिवाय हा शेवट शक्य झाला नसता. सूडदेवता कृपाळू होतात त्या कर्त्याने कर्तेपण स्वीकारल्यानंतर, त्याआधी नव्हे.

असे म्हणता येईल की, ग्रीक शोकात्मिका ही 'झाले' या क्रियापदाकडून 'केले' या क्रियापदाकडे होणारी वाटचाल आहे. या वाटचालीला तीन गोष्टींचा आधार असतो. पहिली, कृतीची कबुली. दुसरी, दूताची साक्ष : हिंसा बहुधा रंगमंचाबाहेर घडते आणि ती ज्याने पाहिली तो येऊन सांगतो. तिसरी, वृंदाची उपस्थिती : नायक एकटा कधीच बोलत नाही, त्याचे शब्द ऐकणारी, शंका घेणारी, हळहळणारी माणसे समोर असतात. युद्धाच्या बाबतीत ग्रीकांनी हा दंडक किती दूरवर नेला ते 'पर्शियन' या नाटकात दिसते. सॅलॅमिसच्या आरमारी युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये, मॅरेथॉनला स्वतः लढलेल्या एस्किलसने अथेन्सच्या प्रेक्षकांना त्यांच्याच विजयाची कथा पराभूत पर्शियनांच्या शोकातून ऐकविली. आपले 'केले' दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची ही तयारी नाट्यकलेइतकीच नागरिकत्वाचीही कसोटी होती.

३

आधुनिक युद्धकादंबरी प्रथमपुरुषी झाली की हे तिन्ही आधार निवेदकाच्या हाती जातात. कबुली द्यायची की नाही ते तोच ठरवतो. दूतही तोच असतो. वृंद म्हणून कोणाला किती बोलू द्यायचे हेही त्याच्याच मर्जीवर असते. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात मांडली. कादंबरीची एकूण मूल्यदृष्टी आणि निवेदकाची मूल्यदृष्टी यांत अंतर पडते, तेव्हा निवेदक अविश्वसनीय ठरतो. आपल्याकडे या संज्ञेचा अर्थ पुष्कळदा 'खोटे बोलणारा निवेदक' असा संकोचाने घेतला जातो. वस्तुतः अविश्वसनीय निवेदक एकही तपशील खोटा न सांगता वाचकाची दिशाभूल करू शकतो. तो तथ्ये बदलत नाही. त्यांचे प्रमाण बदलतो.

या दृष्टीने जॉनथन लिटेल या अमेरिकेत जन्मलेल्या लेखकाची २००६ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेली आणि त्याच वर्षी गोंकूर पारितोषिक मिळालेली प्रचंड कादंबरी लक्षणीय आहे. तिचे शीर्षकच एस्किलसवरून घेतलेले असून त्याचा अर्थ 'कृपाळू देवता' असा होतो. निवेदक मॅक्स औए हा नाझींच्या एस.एस. दलातील सुशिक्षित, संगीतप्रेमी अधिकारी. युद्धानंतर तो फ्रान्समध्ये लेस विणण्याचा कारखाना चालवतो आणि वाचकाला बंधू म्हणून संबोधीत आपली हकीकत सांगतो. कीव्हजवळच्या बाबी यार येथील दरीत सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची कत्तल झाली, असे जर्मनांच्याच अहवालात नोंदलेले आहे. अशा प्रसंगांचे वर्णन औए कारकुनी काटेकोरपणाने करतो. हुद्दे, तारखा, आकडे त्याच्या जिभेवर असतात. वाचकाला ही कादंबरी अस्वस्थ करते ती केवळ त्या भीषण वर्णनांमुळे नव्हे. इतका अचूक माणूस एका ठिकाणी मात्र अचानक विसराळू होतो, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे. आई आणि सावत्र वडील यांच्या घरी तो मुक्कामाला असताना त्या दोघांची हत्या होते. तो झोपेतून उठतो तेव्हा प्रेते समोर असतात. आपण मारले असे तो कधीच म्हणत नाही. दोन पोलीस अधिकारी सूडदेवतांसारखे अखेरपर्यंत त्याचा माग काढत राहतात, पण न्यायसभा भरत नाही.

विशेष म्हणजे, ग्रीकांच्या लेखी अपराध कृतीत असतो, हेतूत नव्हे, हा विचार कादंबरीत औए स्वतःच मांडतो. म्हणजे त्याला तत्त्व ठाऊक आहे. जागतिक इतिहासाला तो ते लावू शकतो. स्वतःच्या आईच्या खोलीला लावू शकत नाही. त्याने शोकात्मिकेतून नियती तेवढी घेतली आणि कबुली वगळली. ओरेस्टिसची कथा त्याने आरसा म्हणून वापरलेली नाही, वकीलपत्र म्हणून वापरली आहे. लिटेलचे यश असे की, निवेदकाने वगळलेला प्रश्न त्याने कादंबरीच्या रचनेत राखून ठेवला. रिकामी राहिलेली न्यायसभेची जागा भरण्याचे काम वाचकावर येते. ज्याला बंधू म्हणून आपल्या बाजूला ओढले गेले, त्यालाच वृंद व्हावे लागते.

४

येथून पुन्हा 'रणांगण'कडे वळावयाचे ते चक्रधर आणि औए यांना एका मापाने मोजण्यासाठी नव्हे. एक संहाराच्या यंत्रणेचा अधिकारी आहे. दुसरा प्रेमात दुखावलेला, युरोप पाहून आलेला मध्यमवर्गीय मराठी तरुण. त्यांच्या कृत्यांत कोणतीही तुलना संभवत नाही. तुलना आहे ती निवेदनाच्या व्याकरणाची.

चक्रधर खोटे बोलत नाही. उलट तो स्वतःविषयी बरेच कठोर बोलतो. उमेने नाकारल्यापासून स्त्रीजातीविषयी बाळगलेली कडवट अढी तो लपवीत नाही. हॅर्टाच्या प्रेमाकडे आरंभी तो कोणत्या नजरेने पाहतो तेही झाकून ठेवीत नाही. या स्पष्टवक्तेपणामुळे वाचक त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि खरी मेख येथेच आहे. आत्मनिंदा ही आत्मसमर्थनाची सर्वांत सभ्य रीत असते. जो स्वतःच स्वतःला दोषी म्हणतो, त्याला दुसऱ्याने दोषी म्हणण्याची सोय राहत नाही. मी असा कडवट झालो, कारण उमेने माझे असे केले. ही वाक्यरचना लक्षात घ्यावी. उमेच्या वाट्याला 'केले' येते, चक्रधरच्या वाट्याला 'झालो'. आणि हॅर्टाच्या संदर्भात तर त्याची कृती उरतच नाही. तेथे सर्व काही होत जाते. प्रेम जडते, दिवस संपतात, बंदर येते, जहाज निघते.

परिस्थिती खोटी होती असे कोणीही म्हणणार नाही. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावले होते. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांची परिषद भरली आणि निर्वासितांविषयी सहानुभूती व्यक्त करून बहुतेकांनी आपापली दारे बंदच ठेवली. प्रवेशपत्रावाचून उतरता येईल असे शांघायसारखे एखादेच बंदर तेव्हा उरले होते. युरोपातून निघालेली निर्वासितांची जहाजे सुएझ, मुंबई, कोलंबो, हाँगकाँग अशी तिकडे जात. हॅर्टाच्या पायाखालची जमीन अशी जगाने काढून घेतली होती. परंतु बारकाईने पाहिले तर या 'परिस्थिती'लाही कर्ते आहेत. कायदा कोणी तरी केला, दार कोणी तरी बंद केले, शिक्का मारण्याचे कोणी तरी नाकारले. परिस्थिती म्हणजे ज्यांचे कर्ते आपण विसरलो आहोत अशा अनेक 'केले'ची बेरीज. त्या बेरजेत चक्रधरचाही एक आकडा आहे. तो सर्वांत लहान आहे. पण हॅर्टाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा तोच आहे. राष्ट्रांनी तिला नाकारले तेव्हा ती जगत राहिली, हे विसरता कामा नये.

ग्रीक नाटकाप्रमाणे येथेही मृत्यू रंगमंचाबाहेर घडतो. हॅर्टा चक्रधरच्या नजरेआड, तो उतरून गेल्यानंतरच्या समुद्रात मरते. त्या क्षणाचे निवेदन त्याला करता येत नाही. ते दुसऱ्याकडून कळणेच त्याला भाग आहे. सबंध कादंबरीभर ज्याने दुसऱ्यांची दुःखे स्वतःच्या आवाजात सांगितली, त्याच्या हातून अगदी निर्णायक प्रसंगी निवेदन निसटते. माझ्या मते 'रणांगण'ची शोकात्मता येथे आहे. 'नियतीने दोन जिवांची ताटातूट केली' या चक्रधरी सूत्रात ती नाही. निवेदकाचा अधिकार संपतो त्या जागी ती आहे. आणि बेडेकरांनी कादंबरीत वृंदही ठेवलेला आहे. हॅर्टाची आई, छोटा लुई, देश नसलेले ते सारे प्रवासी चक्रधरच्या प्रेमकथेची केवळ पार्श्वभूमी नाहीत. चक्रधरचे लक्ष स्वतःकडे लागलेले असतानाही ती माणसे मध्येच बोलून जातात, आणि त्या बोलण्याने त्याच्या दुःखाचे माप आपोआप कळते. चित्रपटसृष्टीत लेखक व दिग्दर्शक म्हणून वावरलेल्या बेडेकरांना, मुख्य पात्र बोलत असताना मागे कोण उभे आहे ते दाखविण्याची कला अवगत होती. त्यांनी निवेदकाला दिलेले आडनाव मराठीत खरोखरच आढळणारे आहे. तरीही 'विध्वंस' या शब्दाचा अर्थ वाचकाच्या कानाआड होऊ शकत नाही. निवेदक जे 'झाले' म्हणून सांगतो, त्यावर लेखकाने पहिल्यापासून 'केले' अशी नाममुद्रा उठवून ठेवली आहे.

५

ही दृष्टी परकी आहे, ग्रीकांकडून उसनी आणलेली आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या परंपरेतील युद्धाचा आदिनिवेदक संजय हा दूतच आहे. तो रणभूमीवरून येतो, भीष्म पडल्याची वार्ता आधी सांगतो आणि मग युद्ध सविस्तर कथन करतो. त्याचा श्रोता धृतराष्ट्र प्रत्येक पर्वात दैवाला बोल लावतो, कधी दुर्योधनाला लावतो. आणि संजय त्याला वारंवार ठणकावतो की हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. दैवाची ढाल पुढे करणारा आंधळा राजा आणि ती ढाल बाजूला सारणारा सूत, या दोघांच्या संवादातून महाभारतातील युद्ध आपल्यापर्यंत पोहोचते. आधुनिक मराठी कादंबरीने मात्र पुष्कळदा धृतराष्ट्राचा सूर उचलला आणि संजयाला रजा दिली. १९६७ मधील 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. रचना पाहता सहा साक्षी सहा दिशांनी याव्यात. प्रत्यक्षात सहाही जण एकाच नायकावरील अन्यायाची ग्वाही देतात. निवेदक अनेक असले म्हणजे वृंद तयार होतो असे नाही.

हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या वाचकाला केवळ वाङ्मयीन वाटू शकत नाही. नरहर कुरुंदकरांनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली ती याच भूमीत राहून, आणि हैदराबादच्या लढ्याचा विचारही त्यांनी याच बाण्याने केला. या लढ्याविषयी आमच्या भागात आठवणी, आत्मकथने, गौरवग्रंथ विपुल आहेत. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी केलेले अत्याचार त्यांत कर्त्यांसह येतात. नाव, गाव, दिवस यांसह येतात. ते तसेच यायला हवेत. पण १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांविषयी लिहिताना हीच लेखणी एकाएकी प्रयोग बदलते. 'काही अनुचित प्रकार घडले', 'दिवसच तसे होते', 'लोकांचा उद्रेक झाला', अशा धाटणीने कर्ता वाक्याबाहेर जातो. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या भागात फिरून जो अहवाल दिला, त्यात कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. अंदाजाविषयी इतिहासकारांनी वाद घालावा. तो त्यांचा अधिकार आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रश्न एवढाच की, एकाच संग्रामाच्या कथनात एका पक्षासाठी 'केले' आणि दुसऱ्या पक्षासाठी 'झाले', ही विभागणी कोणी ठरविली?

मराठी भाषा यात निवेदकाला मोठी मदत करते. 'त्याने मारले' या वाक्यात कर्त्याला प्रत्यय लागतो, कर्ता डोळ्यांत भरतो. 'मारले गेले' म्हटले की कर्ता न सांगताही वाक्य व्याकरणशुद्ध राहते. आणि प्रथमपुरुषी 'मी'ला तर तो प्रत्ययही नाही. जुन्या मराठीतील 'म्यां' हे रूप आज प्रचारातून गेले आहे. व्याकरणाने दिलेली ही सवलत कोण, कोठे, कशासाठी वापरतो ते पाहणे हे समीक्षेचे काम आहे. ते काम निवेदकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे नव्हे. लढ्यात उतरलेल्यांच्या त्यागाविषयी कृतज्ञता ठेवूनही, त्यांच्या वाक्यांतील कर्ता शोधता येतो. किंबहुना कृतज्ञतेमुळेच तो शोधला पाहिजे. एस्किलसने आपल्या शहराच्या विजयाविषयी तसे केले म्हणून अथेन्सचा विजय उणा झाला नाही.

शोकात्मिका हा शब्द मराठी समीक्षेने फार सैल हाताने वाटला आहे. जेथे जेथे मृत्यू, विरह आणि हतबलता आढळते तेथे तो चिकटविला गेला. या शब्दाचा अधिकार त्या कृतीलाच द्यावा, जिच्यात अश्रूंच्या आधी कोणी तरी 'हे मी केले' असे म्हणते. आणि निवेदक तसे म्हणत नसेल तर लेखक त्याच्या मौनाला तडा पाडून वाचकाला ते ऐकू येऊ देतो. 'रणांगण' या कसोटीला उतरते ते बेडेकरांमुळे, चक्रधरमुळे नव्हे. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला चक्रधर आपल्याला आपली कथा सांगतो. ती सहानुभूतीने ऐकावी. पण ऐकताना नजर त्या जहाजावर ठेवावी, जे धक्क्यापासून दूर जात आहे आणि ज्यावरच्या माणसांना कथा सांगण्याची पाळी कधी आलीच नाही.